नवव्या पॅचमधली ओळ

माझी बायको मीनाक्षी संशयी आहे. हे मी तिच्या तोंडावर म्हणतो आणि तिला त्याचं काही वाटत नाही. लालबागच्या बाजारात पापलेट घेताना कल्ला उघडून सगळेच बघतात, पण कोळीण ओळखीची असेल तर मीनाक्षी जास्त बारकाईने बघते. सोसायटीत लिफ्ट दुरुस्त करायला माणूस आला की बाकीचे त्याला विचारतात, किती वेळ लागेल. ही विचारते, "जुना पार्ट कुठेय? दाखवा बघू." तिचं माहेर गिरगावातलं, वडील ऑडिट खात्यात. आमच्या लग्नाच्या बैठकीत मी इतिहासाचा शिक्षक आहे म्हटल्यावर तिने मला पहिला प्रश्न विचारला होता, "कुठल्या साधनांवरून?"

तिचं काम समजायला मला बरीच वर्षं लागली, तेव्हा जमेल तसं सांगतो. कॉम्प्युटर कोणताही असो, त्याच्या पोटात सगळ्यांच्या खाली एक मूळ प्रोग्रॅम चालू असतो. त्याला कर्नल म्हणतात. पडद्यावर चित्र उमटवणारी चिप वेगळी असते, आणि कर्नलने त्या चिपशी कसं बोलायचं हे ज्या कोडमध्ये लिहिलेलं असतं तो तिचा ड्रायव्हर. मीनाक्षी अशा एका जुन्या चिपचा ड्रायव्हर सांभाळते. चिप बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. चिप मात्र अजून जिवंत आहे. इचलकरंजीच्या मागांवरच्या पॅनेलमध्ये आहे, लाँचच्या धक्क्यावरच्या तिकिटाच्या मशीनमध्ये आहे, पोलंडमधल्या कुठल्याशा शाळांमधल्या कॉम्प्युटरमध्ये आहे. लोअर परळच्या ज्या छोट्या कंपनीत ती नोकरीला आहे, ती अजूनही या चिपचे बोर्ड विकते, म्हणून आठवड्यातले दोन दिवस तिला या कामाचे मिळतात. उरलेलं ती आमच्या जेवणाच्या टेबलावर करते. त्या टेबलावर तीन उघडे बोर्ड आणि वायरींचा गुंता कायम असतो. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

कर्नलचा कोड सगळ्यांसाठी उघडा असतो. जगातला कोणीही त्यात सुधारणा सुचवू शकतो. सुधारणेला पॅच म्हणतात, आणि तो सगळ्यांना दिसेल अशा मेलिंग लिस्टवर पाठवायचा असतो. पॅचच्या खाली नावानिशी सही करावी लागते. सहीचा अर्थ, हे मी लिहिलंय आणि द्यायचा हक्क मला आहे. मग ज्याच्या ताब्यात तो भाग असतो तो मेंटेनर, म्हणजे इथे मीनाक्षी, तो वाचतो, बोर्डावर चालवून बघतो आणि पसंत पडला तर वरच्या मेंटेनरकडे पाठवतो. बारा वर्षं हे ती एकटी करत होती. या जुन्या चिपच्या वाटेला सहसा कोणी फिरकत नाही.

म्हणून ध्रुव पाटकर नावाच्या माणसाचे पॅच यायला लागले तेव्हा आधी ती खूश झाली.

"बघ, किती स्वच्छ लिहितो," ती मला दाखवायची. मला त्यातलं काय कळणार! पण ती कोड वाचताना पुटपुटते, आणि नेहमी त्या पुटपुटण्यात मध्येमध्ये "शी" आणि "हे काय" असतं. ध्रुवच्या कोडला ती सलग पुटपुटायची. पडदा झोपेतून जागा होताना लुकलुकायचा, ते तिचं जुनं दुखणं होतं. ध्रुवने ते घालवलं. जुन्या पद्धतीने लिहिलेले भाग तो एकेक करून नव्या पद्धतीत आणत होता. तिने काही बदल सुचवला की दुसऱ्या दिवशी सुधारलेला पॅच हजर.

चार-पाच महिने गेले आणि एका रविवारी चहा घेताना ती म्हणाली, "जयवंत, हा माणूस चिडत कसा नाही?"

"म्हणजे?"

"मी त्याला एकच पॅच पाच वेळा परत करायला लावला. कोणीही वैतागेल. हा आपला दर वेळी थँक यू लिहितो. स्वतःबद्दल एक शब्द नाही. कुठे काम करतो, हा बोर्ड त्याच्याकडे कसा आला, काही नाही. आमची ऑनलाइन मीटिंग होते त्यात येत नाही. फोटो नाही. आवाज नाही."

"लाजाळू असेल."

"असेल," ती म्हणाली, आणि त्या एका शब्दावरून मला कळलं की आता ती थांबणार नाही.

मग लिस्टवर दोन अनोळखी माणसांचे मेल आले. एकाने लिहिलं, हा ड्रायव्हर एका व्यक्तीच्या सवडीवर चालतो, पॅच आठवडेच्या आठवडे पडून राहतात, हे बरोबर नाही. दुसऱ्याने लगेच त्याला दुजोरा दिला आणि सुचवलं, ध्रुव पाटकर एवढं काम करतात, त्यांना सहमेंटेनर का करू नये? या दोघांनी याआधी लिस्टवर कधी एक ओळ लिहिली नव्हती. मीनाक्षीने ते मेल मला मोठ्याने वाचून दाखवले. तिचा आवाज शांत होता, पण लॅपटॉप तिने जरा जोरातच मिटला.

तिने मला सांगितलं, असं खरंच घडलेलं आहे. दुसऱ्या एका प्रकल्पात एका थकलेल्या मेंटेनरला अशीच गोड मदत मिळत गेली, असाच बाहेरून दबाव आला, त्याने विश्वासाने किल्ल्या दिल्या, आणि मदत करणाऱ्याने कोडमध्ये चोरदरवाजा बसवला. "कोण होता ते अजून कळलेलं नाही," ती म्हणाली. "ड्रायव्हर कर्नलच्या आत चालतो, जयवंत. तिथे एक फट ठेवली की सगळं घर मोकळं."

त्या दिवसापासून ध्रुवचा प्रत्येक पॅच ती शत्रूचा असल्यासारखा वाचायला लागली. घरातही वातावरण बदललं. तिने सगळे पासवर्ड बदलले, माझासुद्धा, आणि मला दोन दिवस शाळेचे पेपर उघडता आले नाहीत. सोसायटीत वायफायचं बघायला आलेल्या पोऱ्याला तिने दारातच उभं करून ओळखपत्र मागितलं, कंपनीत फोन करून खात्री केली आणि मगच आत घेतलं. माझी आई मालन हे सगळं सोफ्यावरून बघत होती. तिला राहवेना, ध्रुववरून तिने मालवणीत विचारलंच.

"गो बाय, तो झिल तुझा काम करता, वर पैशे मागणा नाय, तरी तुका त्येचो संशय येता?"

"पैसे मागत नाही म्हणूनच येतो, आई," मीनाक्षी म्हणाली.

आणि मग ती ओळ सापडली.

ध्रुवने साफसफाईच्या नावाखाली पॅचची एक लांबलचक मालिका पाठवली होती. कुठे नावं बदललेली, कुठे कोड इकडून तिकडे हलवलेला. असे पॅच वाचताना डोळा घसरतो. नवव्या पॅचमध्ये एक तुकडा एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये गेला होता, आणि जाताना त्यातली एक ओळ गळाली होती. बाहेरचा प्रोग्रॅम जेव्हा पडद्याचा एखादा तुकडा कॉपी करायला सांगतो, तेव्हा तो तुकडा पडद्याच्या हद्दीत आहे ना, एवढंच ती ओळ तपासायची. ओळ नसेल तर कोणीही हद्दीबाहेरची जागा मागू शकतो आणि कर्नलच्या आतलं वाचू शकतो. पॅचच्या वर्णनात त्या ओळीचा उल्लेख नव्हता.

मीनाक्षीने पदर खोचावा तसं ओढणी कमरेला बांधली आणि तो पॅच पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग मला म्हणाली, "सापडला."

तिने लिस्टवर आरडाओरडा केला नाही. ध्रुवला साधाच मेल लिहिला, मालिका कोणत्या बोर्डावर तपासली, फोटो पाठवा. दुसऱ्या दिवशी फोटो आला. खिडकीशी टेबल, टेबलावर बोर्ड, शेजारी लहानसा पडदा, त्यावर चाचणीचे रंगीत पट्टे. तिने बोर्ड मोठा करून बघितला, बोर्ड खरा होता. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. माझं लक्ष खिडकीबाहेर गेलं.

"मीना, जरा इकडे सरकव. ती हिरवी इमारत बघ."

"काय आहे ती?"

"कॉटन एक्सचेंज. कॉटन ग्रीनची. मी दर वर्षी आठवीच्या वर्गाला तिथे घेऊन जातो. हा फोटो स्टेशनच्या अलीकडच्या बाजूने काढलाय."

मीनाक्षी इतके दिवस कुठल्याशा दूरच्या देशातली टोळी डोळ्यांपुढे आणत होती, आणि माणूस आमच्या घरापासून टॅक्सीने दहा मिनिटांवर होता. मला वाटलं, आता तिला हायसं वाटेल. झालं उलटंच.

"एवढ्या जवळ राहतो? माझ्या मेलखाली कंपनीचा पत्ता असतो, लोअर परळ. त्याला माहितेय मी इथलीच आहे. सात-आठ महिन्यांत एकदाही म्हणाला नाही की मॅडम, मी पण इथलाच?"

तिने लिहिलं, आपण शेजारीच आहोत, भेटू या. उत्तर आलं नाही. चांगला आठवडा गेला. मग एका ओळीत उत्तर, सध्या भेटणं शक्य नाही. तिने परत लिहिलं, मग ही मालिका मला घेता येणार नाही, आणि आधीचं सगळंही मी पुन्हा तपासणार आहे. त्याच संध्याकाळी होकार आला.

भेट दादरला ठरली, एका उपाहारगृहात, शनिवारी सकाळी, भरगर्दीत. जागा तिने निवडली होती. मला तिने शेजारच्या टेबलावर बसवलं. "तू मला ओळखत नाहीस," असं बजावलं. मी थालीपीठ मागवून पेपर उघडला. एवढं वाईट सोंग मी आयुष्यात वठवलं नसेल. वेटर मला रोज बघणारा, तो मोठ्याने म्हणाला, "सर, वहिनी तिकडे का बसल्यात?"

दोघं आले. पंचविशीतला उंच, नीटस मुलगा, आणि त्याच्याबरोबर तिशीची एक मुलगी, खांद्याला जड बॅग.

"मी ध्रुव," तो म्हणाला. "ही माझी ताई, आकांक्षा. सहज आली बरोबर."

ध्रुव छान बोलत होता. तुमच्याकडून खूप शिकलो मॅम, कम्युनिटीला काहीतरी परत द्यायचं असतं मॅम. मीनाक्षीने त्याला बोलू दिलं. पीयूष आलं, त्याचा एक घोट घेतला, आणि मग विचारलं, "नवव्या पॅचमध्ये हद्द तपासणारी ओळ तू काढलीस. का?"

"ते क्लीनअप होतं मॅम. रिडंडंट होतं."

"कशामुळे रिडंडंट?"

ध्रुवने ग्लासात चमचा फिरवला. मग बहिणीकडे बघितलं. फार तर क्षणभर, पण शेजारच्या टेबलावरून मलाही ते दिसलं.

"वरच्या थरात तेच तपासलं जातं ना," आकांक्षा म्हणाली. तिचा आवाज बारीक होता. "नव्या पद्धतीत मागणी ड्रायव्हरपर्यंत यायच्या आधीच हद्द बघितली जाते. मग खाली परत कशाला?"

मीनाक्षी तिच्याकडे वळली. त्यानंतर तिने ध्रुवकडे बराच वेळ बघितलंच नाही.

"नव्या मार्गाने आलेल्या मागणीची हद्द बघतात. जुने प्रोग्रॅम अजून जुन्या मार्गाने येतात. इचलकरंजीचे सगळे पॅनेल तसेच चालतात. त्यांची हद्द कोण बघतं?"

आकांक्षाने बॅगेतून लॅपटॉप काढला, उघडला, कोडमध्ये वरखाली केलं. तिचा चेहरा उतरत गेला.

"जुना मार्ग मी बघितलाच नाही," ती म्हणाली. "अरे देवा. हे असंच गेलं असतं तर..."

"सगळं तू लिहितेस," मीनाक्षी म्हणाली.

"हो."

"पहिल्या पॅचपासून?"

"हो, मॅडम."

मग तिने सांगितलं. ती एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. नोकरीच्या करारात कलम आहे की नोकरीत असेपर्यंत तिने लिहिलेला कुठलाही कोड, घरी बसून लिहिलेलासुद्धा, कंपनीचा. ऑफिसात दिवसभर ती बिलाच्या स्क्रीनवरची बटणं हलवते. एक जुना बोर्ड तिला भंगारात मिळाला, त्याचा लुकलुकणारा पडदा तिने हौसेने दुरुस्त केला आणि ते जगाला द्यावंसं वाटलं. स्वतःच्या नावाने देता येईना, म्हणून भावाचं नाव टाकलं.

"आणि ते दोघं, मला बाजूला करा म्हणणारे?" मीनाक्षीने विचारलं. "ते पण तूच?"

"नाही हो! मला वाटलं खरंच कोणी युजर वैतागलेत. मला उलट वाईट वाटलं तुमच्यासाठी." बोलता बोलता ती थांबली आणि भावाकडे वळली. "ध्रुव?"

ध्रुव मोबाइल हातात फिरवत होता.

"ध्रुव, ते मेल कोणी टाकले?"

"जरा पुश दिला फक्त," तो म्हणाला. "सहमेंटेनर झालं असतं तर नाव वजनदार झालं असतं. तुझंच काम पुढे गेलं असतं ना, ताई."

"नाव कुणाचं वजनदार झालं असतं?"

मग तेही बाहेर आलं. एका कंपनीने त्याला याच पॅचच्या जोरावर निवडलं होतं. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं. घरी त्याने सांगितलं होतं की कॉलेजच्या ओळखीने नोकरी लागली. आकांक्षाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती त्याच्यावर ओरडली नाही. फक्त आपली खुर्ची त्याच्यापासून जरा लांब घेतली.

मी पेपर बाजूला ठेवून सरळ त्यांच्या टेबलावर जाऊन बसलो. आता सोंगाला काही अर्थ नव्हता.

मीनाक्षी म्हणाली, "आकांक्षा, तुझे सगळे पॅच मला मागे घ्यावे लागतील."

"सगळे? तो लुकलुक गेल्याचा पण? लोक वापरतायत तो!"

"कोड चांगला आहे. खालची सही खोटी आहे. उद्या तुझ्या कंपनीने म्हटलं हा कोड आमचा, तर तो वापरणारा प्रत्येक जण अडकेल. मी वरच्यांना जे आहे ते सांगणार."

"एक संधी द्या ना. मी नोकरी बदलते, मग..."

"मग आत्ताच्या कंपनीकडून हक्क लेखी सोडवून घे आणि परत पाठव. आत्ता नाही."

दुसऱ्या दिवशी मीनाक्षीने वरच्या मेंटेनरला सगळं लिहिलं. आकांक्षाचं नाव तिने घेतलं नाही, एवढंच लिहिलं की सही करणारा आणि लिहिणारा एक नाही. पुढच्या आवृत्तीत तीसेक पॅच उलटवले गेले. लिस्ट सगळ्यांना दिसते, ती ध्रुवला घेणाऱ्या कंपनीलाही दिसली. त्याची नोकरी रुजू व्हायच्या आधीच गेली. इचलकरंजीहून तक्रार आली की पडदे पुन्हा लुकलुकायला लागले. पोलंडच्या एका मास्तरांनी रागाने लिहिलं की चाललेलं बिघडवण्याला मेंटेनर म्हणत नाहीत.

सगळ्यात जास्त लागला तो आकांक्षाचा मेसेज. "तुमची जागा जाईल अशी भीती वाटली तुम्हाला. म्हणून एवढं केलंत."

मीनाक्षीने तो मला दाखवला. मी विचारलं, "खरंय का?"

तिने टेबलावरच्या बोर्डाची धूळ बोटाने पुसली. "थोडं खरंय," ती म्हणाली. "ते दोन मेल आले तेव्हा पहिला विचार चोरदरवाजाचा नव्हता आला. पहिला विचार आला, बारा वर्षं मी केलं ते काय मग?"

"आणि ती ओळ? चुकून गेली असं वाटतं तुला?"

"वाटतं. पण वाटण्यावर ओळ परत येत नाही."

त्यानंतरचे महिने जड गेले. आकांक्षाने जे केलं होतं ते बघून झालेलं होतं, त्यामुळे मीनाक्षीला स्वतः तेच वेगळ्या रीतीने लिहिणं बरोबर वाटेना. ते नक्कल झालं असतं. लुकलुक तशीच राहिली. तक्रारींना ती उत्तरं देत राहिली. आई आकांक्षाबद्दल म्हणायची, "माका काय तां बरा दिसणा नाय. त्या चेडवाक बोलाव एकदा." मीनाक्षी मानेनेच नाही म्हणायची.

पावसाळा गेला, गणपती झाले, आणि दिवाळीनंतर एक पॅच आला. खाली सही, आकांक्षा पाटकर. सोबत वेगळा मेल, नोकरी बदलली आहे, जुन्या कंपनीने आधीच्या कोडवरचा हक्क लेखी सोडला आहे, नव्या कंपनीने या कामाला लेखी परवानगी दिली आहे, दोन्ही पत्रं हवी तर दाखवते. मीनाक्षीने अर्थातच मागितली. परवानगी देणाऱ्या माणसाला फोनही केला.

पॅच फक्त चार ओळींचा होता. जुन्या मार्गाने येणाऱ्या मागणीची हद्द दोन ठिकाणी अर्धवट तपासली जात होती. ती चूक मीनाक्षीच्या स्वतःच्या जुन्या कोडमध्ये होती आणि इतकी वर्षं कोणाला दिसली नव्हती. आकांक्षाने ती भरून काढली होती.

मीनाक्षीने ते तीनदा वाचलं. बोर्डावर चालवलं, मुद्दाम खोट्या मागण्या पाठवून बघितल्या. मग वर पाठवलं. आकांक्षाला उत्तरात लिहिलं, "चूक माझी होती. धन्यवाद. पुढचा पाठव."

आता जुने पॅच एकेक करून परत येतायत, तिच्याच नावाने. दर शनिवारी आकांक्षा आमच्याकडे येते, कारण तिसऱ्या प्रकारचा बोर्ड फक्त आमच्या टेबलावर आहे. ध्रुवशी ती मोजकंच बोलते. तो आता एका दुकानात लॅपटॉप दुरुस्त करायला शिकतोय, असं तिच्याकडून कळलं. आई तिला कोलंबीचं कालवण वाढते आणि मीनाक्षी तिची प्रत्येक ओळ पुटपुटत वाचते, पूर्वीपेक्षा हळू. मेंटेनरच्या नावाखाली आता तपासणारी म्हणून आकांक्षाचं नाव लागलंय. पॅच वर पाठवायची किल्ली मात्र एकट्या मीनाक्षीकडेच आहे.

"किल्ली कधी देणार तिला?" मी परवा विचारलं.

"बघू."

"अजून संशय येतो?"

ती उत्तर देणार एवढ्यात टेबलाच्या पलीकडून आकांक्षा म्हणाली, "मॅडम, तुमचा कालचा पॅच बघितला. वापरलेली मेमरी परत सोडायची राहिलीय एका ठिकाणी. मी लिस्टवर लिहिलंय."

"लिस्टवर? इथे समोर बसलीयेस, मला सांगता येत नव्हतं?"

"सगळ्यांना दिसायला हवं ना."

मीनाक्षीने चष्मा लावला, लॅपटॉप ओढला आणि वाचायला लागली. तिला वाटत होतं आकांक्षाचंच चुकलंय. बराच वेळ पुटपुटली, एकदा "शी" म्हणाली, आणि मग मुकाट्याने पॅच दुरुस्त करायला घेतला.